आवणीला आलेली पाहुणी

आमच्या केंद्रावर परदेशी पाहुणे येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. पनवेलच्या कडेला कृषी विद्यापीठाचं एक लहानसं केंद्र होतं आणि मी तिथे संशोधन सहायक होते. खाडीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनीत भात कसा पिकवायचा, एवढाच आमचा विषय. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विद्यापीठाने बाहेरच्या देशांतल्या कृषी अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि त्यातला खाऱ्या जमिनीचा भाग आमच्या वाट्याला आला. केंद्राला रंग लागला, व्याख्यानाच्या खोलीत नवे पंखे बसले, शिपायांना गणवेश मिळाले.

पाहुण्यांनी थोडे दिवस शेतकऱ्यांच्या घरी राहायचं, असंही त्या कार्यक्रमात होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुम्ही तर इथल्याच. एका बाईंची सोय तुमच्या आईकडे होईल का? घरात कमोड आहे ना?"

कमोड होता. कळंबोलीच्या लोखंडबाजारात माझ्या भावाचे ट्रक चालत होते, त्याने गावचं घर नव्याने बांधून त्यात सगळं करून घेतलं होतं. मी लगेच हो म्हटलं. मनात सगळं चित्र उभं राहिलं. पाहुणी प्रश्न विचारणार, आई उत्तर देणार आणि मधे मी बसून इकडचं तिकडे सांगणार. आईला माझं इंग्रजी ऐकायला मिळेल. एवढं शिकून मी नेमकं काय करते ते तिला पहिल्यांदा दिसेल.

माझ्या आईने मला शेतात कधी पाय टाकू दिला नव्हता. हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही, कारण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खारातले शेतकरी. आमचं गाव खाडीच्या काठी. बाहेर पाण्याला अडवणारा मोठा बांध, आत भातखाचरं. आवणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या पोरी चिखलात उतरायच्या, गाणी म्हणत रोपं लावायच्या. मी ओटीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसायची. एकदा, मी तेव्हा सातवी-आठवीत असेन, न राहवून मैत्रिणींच्या मागे गेले आणि खाचरात उतरले. आईने लांबून बघितलं. हातातली रोपांची मूठ टाकून आली, मला दंडाला धरून बांधावर ओढलं, डबक्यात माझे पाय घासून घासून धुतले. पोरी गाणं थांबवून बघत होत्या. त्यानंतर मी कधी गेले नाही. पुढे शेतीचीच पदवी घेतली, मग वरची पदवी घेतली. तिथे दोरी लावून आखलेल्या वाफ्यात रोपं लावली, त्याचे मार्कही मिळाले. पण आमच्या स्वतःच्या खाचरात मी रोप लावलं नव्हतं.

पाहुणी गांबियाची होती. पश्चिम आफ्रिकेतला नदीकाठचा चिंचोळा देश, त्याच्या खाडीतही तिवरांच्या झाडीमागे बांध घालून भात पिकवतात, हे मी तिच्या येण्याआधी वाचून ठेवलं होतं. माझ्याच वयाची, उंच, रुंद खांद्यांची बाई. हसली की सगळं अंग हसायचं. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या तेव्हा समजलं की नदीच्या खालच्या अंगाचा सगळा भातशेतीचा कारभार तिच्या हाताखाली आहे. तिला सरकारी गाडी होती, हाताखाली माणसं होती. मी किती वर्षं संशोधन सहायक होते ते तिने विचारलं नाही, हे बरं झालं. वर्गात ती पहिल्या रांगेत बसायची. मी मातीतली क्षारता मोजायचं यंत्र दाखवत होते, तेव्हा तिने हात वर केला आणि शांतपणे विचारलं, "ओहोटीनंतर लगेच मोजलं तर वेगळं येतं का?" साहेब मान डोलवत म्हणाले, "उत्तम प्रश्न." माझ्या एकाही प्रश्नाला साहेबांनी उत्तम म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

मी तिला गावी घेऊन गेले. आई दारात उभी होती. मी दोघींची ओळख करून दिली, इंग्रजीत आणि मराठीत. आईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, तिचे हात हातात घेतले, उलटे केले, तळव्यांवरून अंगठा फिरवला.

"हिच्या हाताना घट्टे हायेत," आई मला म्हणाली. आवाजात आश्चर्य होतं. "ही शेतान काम करते."

"आई, ती मोठी अधिकारी आहे."

"आसल. पन काम करते."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणी हसली आणि म्हणाली की तिच्या देशात हा भात बायकाच पिकवतात. ती लहानपणापासून आईच्या मागे चिखलात होती, शाळेतून आली की तिकडेच जायची आणि अजूनही सुट्टीत जाते. मी हे आईला सांगितलं. आईने पुन्हा एकदा तिचा तळवा चाचपला. मग म्हणाली, "म्हंजे दोनी केला हिनी."

दोन्ही केलं हिने. ते वाक्य मी इंग्रजीत सांगितलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतं.

मी राहणार होते, पण दुसऱ्या दिवशी केंद्रावर काम होतं म्हणून संध्याकाळी पनवेलला घरी परतले. निघताना आईला म्हटलं, "भाषेचं कसं करशील? फोन कर मला, मी सांगेन तिला."

"भाषा कशाला पायजे? भूक लागली का पोट दाखवल, झोप आली का डोलं मिटल."

फोन आला नाही. दोन-तीन दिवसांनी मीच गेले. घराला कडी होती. शेजारणीने खाचराकडे हात केला. बांधावरून चालत गेले तर समोर दोघी. पाहुणीने आईचं जुनं लुगडं गुडघ्याच्या वर कासोटा मारून नेसलं होतं, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं होतं आणि ती मागे मागे सरकत रोपं लावत होती. शेजारी आई, आणि आईच्या बरोबरीच्या दोन-चार बायका. कोणीतरी गाणं म्हणत होतं. गाणं संपलं की पाहुणी तिच्या भाषेतलं एक सुरू करायची आणि बायका नुसता सूर धरायच्या. आई हसत होती. तोंडावर हात न घेता, दात दिसतील अशी. मी आईला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मी बांधावर सँडल घालून उभी होते. कोणाला मी दिसले नाही. मग एका बाईने बघितलं आणि ओरडली, "आगो, मॅडम आली!"

आईने वर बघितलं. "आलीस? घराकडं जा, हिकडं घसरशील. चाय कर सगल्याना."

मी घरी गेले आणि चहा केला. पाण्यात साखर टाकली, पत्ती टाकली, आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईचा मला इतका राग आला की मलाच कळेना काय करावं. तिने माझं काय घेतलं होतं? एक लुगडं, तेही फाटकं. पण ते मला कधी कोणी नेसवलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला थांबले, तर आणखीच बघावं लागलं. आईने निवटे आणले होते. चिखलात उड्या मारणारे ते मासे पाहुणीने पातेल्यात बघितले आणि टाळी वाजवली. त्यांच्याकडच्या खाडीतही असतात म्हणे. तांदळाच्या भाकरीबरोबर तिने बोटं चाटत खाल्ले. तिने आईला हाक मारली, "आये!"

आमच्या आगरी बोलीत आईला आये म्हणतात. मीही लहानपणी म्हणायची. कॉलेजात गेल्यावर माझ्या तोंडात आई बसलं ते बसलं. आणि आई तिला म्हणत होती बाय. "बाय, घे. बाय, अजून घे." लेकीला म्हणतात तसं. मला ती शेजारणींसमोर आमची मॅडम म्हणायची. आजवर त्यात मला अभिमान वाटत आला होता.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, चांगलंच आहे की. आईंना करमतंय." मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

मग उधाणाचे दिवस आले. अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, त्यात वरून पावसाचं पाणी. एका सकाळी भावाचा फोन आला की आमच्या बाजूचा बांध फुटलाय, खारं पाणी आत शिरतंय. असं भगदाड पडलं की त्याला आमच्याकडे खांड गेली म्हणतात. नुकत्याच लावलेल्या रोपांना खाडीचं पाणी लागलं की वर्षाचं पीक गेलं. भाऊ कुठेतरी पुण्याच्या रस्त्यावर ट्रकबरोबर अडकला होता. मी साहेबांना सांगून रिक्षा केली आणि तशीच निघाले.

पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. सगळा गाव बांधावर. खांड बुजवायची ती ओहोटीच्या वेळातच, पुढची भरती यायच्या आत. पुरुष खाली फांद्या आणि पेंढा दाबत होते, बायका रांगेत उभ्या राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होत्या. रांगेच्या मधोमध ती होती. कोणी तिला बोलावलं असेल असं वाटलं नाही, आणि तिथे तिचं कोणाला नवलही वाटत नव्हतं. आई तिच्या पुढे. गोळा यायचा, ती आईकडे द्यायची, आई पुढे. दोघींचा ताल जमला होता.

मी सँडल काढले. साडी खोचली आणि उतरले. चिखल मांडीपर्यंत आला, एकदम गार. पाय उचलताच येईना. तोल गेला आणि हात टेकले.

आईने बघितलं. "भायेर निघ!" ती ओरडली. "तू भायेर निघ पयली!"

तिशी उलटलेली मी, एका मुलाची आई, विद्यापीठाची नोकरदार. सगळ्या गावासमोर. माझे कान तापले.

"नाही निघणार," मी म्हटलं.

"आयकतेस का नाय?"

"नाय," मी म्हटलं. नाही असं नाही, नाय. तोंडातून आपोआप निघालं.

आई पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात पाहुणीने मागे हात केला, माझा दंड धरला आणि मला तिच्या आणि आईच्या मधे ओढलं. ती इंग्रजीत म्हणाली, "पाय सरळ वर काढायचा नाही. टाच आधी फिरवायची, मग निघतो." माझ्या गावच्या चिखलात कसं चालायचं ते मला गांबियाची बाई शिकवत होती. मी टाच फिरवली. पाय निघाला. मला तिचा त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला आणि त्याच क्षणी तिने दिलेला गोळा मी आईच्या हातात दिला.

आईने तो घेतला. पुढे दिला. मग पुढचा घेतला. दुपार कलेपर्यंत आम्ही तिथे होतो. खांड भरली. भरती आली, पाणी बांधाला लागलं आणि बाहेरच राहिलं. एका बाजूची थोडी रोपं गेली, बाकी वाचली.

संध्याकाळी मोरीत हातपाय धुताना आई माझ्या पाठीवर पाणी ओतत होती. पाहुणी आत कपडे बदलत होती. मी विचारलं, "तिला शेतात घेतेस, गाणी शिकवतेस. मला का नाही घेतलंस कधी? मला नसतं जमलं का?"

आई तांब्या भरत राहिली.

"तुना आवडला असता," ती म्हणाली. "त्या दिशी मी तुजा तोंड बगलेला. खाचरान उभी व्हतीस नि हसत व्हतीस. तुना आवडला असता, मंग तुना कोन भायेर काढनार व्हता?"

"तिच्या आईने दोन्ही करू दिलं."

"तिच्या आयसला म्हाईत असल दोनी व्हतं म्हनून. मना कोनी सांगलेला?"

तिने उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि आत गेली. मला वाटलं होतं, हे कळल्यावर मनातला काटा निघेल. निघाला नाही. उलट वाटलं, जे मला उशिरा आणि मोरीत उभ्याने मिळालं, ते त्या बाईला पहिल्या दिवशी, तळहात दाखवल्याबरोबर मिळालं.

वर्गाचा समारोप केंद्रावरच होता. मांडव, हार, विद्यापीठाहून आलेले मोठे अधिकारी. ज्या घरांत पाहुणे राहिले त्या घरच्यांना बोलावलं होतं. आई आली. नवं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, भावाच्या गाडीतून उतरली. इतक्या वर्षांत ती केंद्रावर कधी आली नव्हती. मी कितीदा म्हटलं होतं, ये, माझं टेबल बघ, माझे वाफे बघ. "मना काय कलतंय त्यातला," म्हणायची. आज आली, आणि आल्याबरोबर विचारलं, "आपली बाय कंच्या बाजूला बसलेय?"

पाहुण्यांच्या वतीने बोलायला तिलाच उभं केलं. आणि गावकऱ्यांना कळावं म्हणून तिच्या भाषणाचं मराठी करायला साहेबांनी मला उभं केलं. ती एक वाक्य बोलायची, मी ते मराठीत सांगायची. आधी विद्यापीठाचे आभार, मग बियाण्याबद्दल, बांधांबद्दल. मग ती पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे वळली.

ती बोलली. सगळे माझ्याकडे बघू लागले.

भाषांतर करताना आपण बोलणाऱ्याच्याच जागी उभं राहून बोलतो. ती असं म्हणाली, तसं म्हणाली असं सांगत नाही. ती 'मी' म्हणाली तर आपणही 'मी'च म्हणायचं. माईकसमोर मी म्हटलं, "मी शिकायला आले होते. पण या घरात मी लेक झाले."

ती पुढचं बोलली. मी म्हटलं, "आये, तू मला चिखलात उतरू दिलंस. मला तुझ्या बाजूला उभं केलंस. हे मी विसरणार नाही."

आये असं मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. ती तसं म्हणाली होती, मी फक्त ते बदललं नाही. मी क्षणभर माईकपासून तोंड फिरवलं. लोकांना वाटलं भाषणाने गहिवरले. टाळ्या पडल्या. आईने पदर डोळ्याला लावला. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो, ती आणि मी, आणि आई आमच्याकडे बघत होती. नक्की कोणाकडे, ते मी आजही सांगू शकत नाही.

नंतर मी आईला माझं टेबल दाखवलं. तिने खुर्चीवर बसून बघितलं, पंख्याचं बटण दाबून बघितलं. म्हणाली, "बरा हाय. वारा येतो." मग बाहेर जाऊन पाहुणीच्या गळ्यात पडून रडली.

पाहुणी परत गेली. वर्षातून एखादा फोन यायचा, तो माझ्या मोबाइलवर, पण चौकशी आईची. माझी बढती पुढे झाली, तेव्हा मी स्वतःहून तिला कळवलं. ती खूश झाली. तोवर ती तिच्या देशात आणखी वर गेली होती.

मग विमानतळाचं काम आलं. आमच्या गावच्या जमिनी त्यात गेल्या. खाचरांवर डंपरने भराव पडला, बांध, तिवरं, सगळं त्याच्याखाली. गाव उठलं. भावाने नवीन वसाहतीत मोठं घर बांधलं आणि आई तिकडे राहायला गेली. मी कितीदा तिच्याजवळ बसून विषय काढला. रडेल, बोलेल, मोकळी होईल असं वाटायचं. ती म्हणायची, "गेली ती गेली. तू चाय घे." एवढंच. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मोबाइलवर चेहरे दिसायला लागले तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मी आईकडे असताना पाहुणीचा फोन आला. ती तिच्या गावी, तिच्या स्वतःच्या आईकडे गेली होती. मागे भातखाचर दिसत होतं. आईने मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"बाय, तुजी आयस कंची? दाखव."

पाहुणीने मोबाइल फिरवला. एक म्हातारी, डोक्याला फडकं बांधलेलं, बांधावर बसलेली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग माझ्या आईने बोलायला सुरुवात केली. खाचर कसं होतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साठायचं, पहिला डंपर आला त्या दिवशी ती कुठे उभी होती, घरी येऊन जेवली नाही ते. मातीचा आवाज कसा आला ते. मला ती यातलं एक अक्षर कधी बोलली नव्हती. पलीकडची म्हातारी मधून मधून घशातून हुंकार देत होती, आणि थोड्या वेळाने तीही बोलायला लागली, तिच्या भाषेत, हातवारे करत.

पलीकडून पाहुणीचा आवाज आला, इंग्रजीत, दबका. "आये काय म्हणतेय गं? माझी आई तुझ्या आईला पूर आला त्या वर्षीचं सांगतेय. मी कितीदा विचारलं, मला तिने कधी सांगितलं नाही."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला सांगायला तोंड उघडलं, की आमची जमीन गेली, आये त्याचंच बोलतेय.

आईने माझ्याकडे न बघता हात वर केला. "थांब गो," ती म्हणाली. "मधी बोलू नको. तिची आयस आयकतेय."